थंडी कडक पडली. फेब्रुवारी संपत आला तरी कुंडीतल्या मोगरा-कढीपत्त्याला पालवी नाही. झाडं मेली का?

घाबरू नका, बहुतेक जिवंत असतील. निफाडकडे पारा ५-६ अंशांवर उतरतो तेव्हा कुंडीतली माती पार गारठते. मुळं पाणी, अन्नद्रव्यं नीट उचलत नाहीत आणि डोळे (फांदीवर जिथून कोंब फुटतो त्या जागा) फुटायचे थांबतात. जमिनीतल्या झाडाला हा त्रास कमी.

नखाने फांदीची साल जराशी खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी शाबूत. तपकिरी, कोरडं निघालं तर खाली खरवडत जा आणि हिरवं लागेल तिथे, डोळ्याच्या जरा वर कापा.

पालवी नाही म्हणून पाणी मात्र वाढवू नका हो! गार, ओल्या मातीत मुळं कुजतात. माझा जुना कढीपत्ता असाच गेला, अजून हळहळ वाटते. खत कोंब दिसल्यावरच. रात्रीचा गारठा ओसरला की मार्चमध्ये फुटतील.