वाचकांचे प्रश्न : नाजूक जागेची खाज आणि दुकानातून आणलेली ट्यूब

प्रश्न : माझे वय 31 असून मी कोथरूडहून हिंजवडीला रोज दुचाकीने जातो. पावसाळ्यात रेनकोट घालूनही पँट भिजते आणि दिवसभर अंगावरच वाळते. तीन आठवड्यांपूर्वी शिश्नाच्या टोकाला आणि वरच्या त्वचेच्या आतल्या बाजूला लाली येऊन खाज सुटली. मी दिवसातून तीनदा साबणाने धुऊन, नंतर पाण्यात जंतुनाशक द्रव घालून ती जागा पुसू लागलो. औषधाच्या दुकानातून आणलेल्या ट्यूबने चार दिवसांत आराम पडला; ती थांबवताच खाज दुप्पट झाली आणि आता जांघेतही चट्टे आले आहेत. आम्हा पती-पत्नींपैकी कोणाचाही बाहेर संबंध नाही. हा गुप्तरोग असेल का? पत्नीला सांगावे का?

उत्तर : तुम्ही दिलेल्या माहितीवरून गुप्तरोगाची शक्यता कमी वाटते, परंतु प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणत्याही डॉक्टरने ती पूर्णपणे नाकारू नये. माझा अंदाज असा, की येथे दोन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत : टोकाशी साबण व जंतुनाशकाने झालेला दाह, ज्यावर बहुधा कँडिडा नावाच्या बुरशीची भर पडली असावी, आणि जांघेत गजकर्ण, ज्याला आपल्याकडे नायटाही म्हणतात.

शिश्नमुंडावरची आणि अग्रत्वचेच्या आतली कातडी तळहातासारखी राठ नसते. ती पातळ आणि ओलसर असते, आणि अल्कधर्मी साबण तिचा संरक्षक थर उतरवतो. जंतुनाशक द्रव तर तेथे लावण्यासाठी नसतोच. खाज आली की माणूस अधिक धुतो, धुतल्याने कातडी अधिक सोलवटते आणि पुन्हा खाज येते. तेव्हा दोन्ही बंद करा. दिवसातून एकदा अग्रत्वचा हलक्या हाताने मागे घेऊन कोमट पाण्याने धुवावे, मऊ कापडाने टिपून कोरडे करावे आणि त्वचा आठवणीने पुन्हा पुढे आणावी. तेथे साचणारा पांढरट थर रोग नव्हे, तो पाण्यानेच निघतो.

आता त्या ट्यूबविषयी. माझ्याकडे येणारे अनेक जण खिशातून एक ट्यूब काढतात, जी टूथपेस्टसारखी तळापासून गुंडाळत आणलेली असते, आणि टेबलावर ठेवताना नावावर अंगठा ठेवतात. अंगठा बाजूला केला, की बारीक अक्षरांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन यांपैकी एखादे नाव आणि सोबत बुरशीनाशक व प्रतिजैविक अशी मिसळ आढळते. पहिले दोन तीव्र स्टेरॉइड आहेत. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दबते म्हणून चार दिवस बरे वाटते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबल्याने बुरशीला रान मोकळे मिळते. चट्ट्यांची ठळक कड पुसट होऊन ते पसरतात आणि डॉक्टरलाही ओळखणे अवघड जाते. महिनोन्‌महिने लावल्यास जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे वण उमटतात. 2018 साली अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत आली, तरी ती मागितली की मिळतात, हे आपण सारे जाणतो.

ती ट्यूब थांबवल्यावर काही दिवस लाली वाढल्यासारखी वाटेल. घाबरून पुन्हा तिच्याकडे वळू नका. टोकाशी स्टेरॉइडविरहित साधे 1 टक्का क्लोट्रिमॅझोल मलम दिवसातून दोनदा, आठवडा-दोन आठवडे पुरते. जांघेच्या बाबतीत मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, कारण स्टेरॉइड लागलेले गजकर्ण चिवट असते आणि अलीकडे नेहमीच्या औषधांना दादही कमी देते. कडेची थोडी खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की निदान तेथल्या तेथे होऊ शकते. उपचार चट्टे दिसेनासे झाल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवायचा असतो. डब्याच्या पिशवीत एक कोरडी सुती अंतर्वस्त्राची जोडी ठेवून कार्यालयात पोहोचताच बदलावी. पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतील तर आधी मोजे आणि मग अंतर्वस्त्र घालावे, कारण तीच बुरशी कापडावरून वर चढते. पावसाळ्यात कपडे पूर्ण वाळत नाहीत. इलॅस्टिक आणि शिवणींवरून गरम इस्त्री फिरवणे उपयोगी पडते.

पत्नीला अवश्य सांगा. त्यांना खाज किंवा दह्यासारखा पांढरा स्राव असेल तर त्यांच्यावरही उपचार हवेत, आणि त्वचा बरी होईपर्यंत संबंध टाळावेत. या मलमांनी कंडोमचे लॅटेक्स कमकुवत होऊ शकते, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये. घरातल्या इतरांनाही रात्री खाज येत असेल तर मात्र खरजेचा विचार करावा लागतो, आणि मग सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे लागते. वेदनाशामक किंवा जुलाबावरची गोळी घेतल्यानंतर दर वेळी त्याच जागी काळपट-जांभळा गोल डाग उठत असेल, तर ती औषधाची ॲलर्जी आहे. त्यावर मलमे बदलत बसण्यात अर्थ नाही.

पाण्याने भरलेले दुखरे फोड, जखम, पू किंवा लघवीला जळजळ असल्यास दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना गाठा. न दुखणारी जखम पाहून निश्चिंत होऊ नका, कारण सिफिलिस या गुप्तरोगाची पहिली जखम बहुधा दुखतच नाही. पांढरे, ताठर होत जाणारे चट्टे किंवा तीन आठवड्यांत न भरणारी जखम वा गाठ असेल तर तुकडा काढून तपासावा लागतो. मागे घेतलेली त्वचा अडकून टोक सुजले, किंवा ताप, असह्य वेदना आणि झपाट्याने पसरणारी सूज वा काळेपणा दिसला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. खासगी दवाखान्यात जाण्याचा संकोच किंवा खर्च आड येत असेल तर पुण्यातील ससून या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात जाता येते. एचआयव्हीच्या शंकेसाठी 1097 हा विनाशुल्क क्रमांक आहे.

प्रश्न : वय 56, सदाशिव पेठ. अग्रत्वचेला पुन्हा पुन्हा चिरा पडतात आणि ती आता मागे सरकत नाही. मधुमेहाची गोळी दोन महिन्यांपूर्वी बदलली आहे. दोन्हींचा संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि त्या गोड ओलाव्यावर कँडिडा पोसली जाते. अनियंत्रित मधुमेहातही हेच घडते. किंबहुना काही पुरुषांत मधुमेहाचा पहिला सुगावा याच चिरांवरून लागतो. गोळी परस्पर बंद न करता उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासून मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोला. त्वचा जोराने मागे ओढू नका, त्यामुळे नव्या चिरा पडून ती अधिकच आवळते. उपचारांनंतरही सैल झाली नाही तर मूत्रविकारतज्ज्ञ सुंता सुचवू शकतील. भेटीला जाताना गोळ्यांची पाकिटेच सोबत न्या. या गटातली नावे तोंडपाठ सांगणे डॉक्टरांनाही जड जाते.