तक्ता खिशातच ठेवा

"ताई, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, लग्नाला अकरा वर्षं झाली. बायको शाळेत शिकवते. दोन महिन्यांपासून ती फोन पालथा ठेवते, रात्री गच्चीवर जाऊन बोलते. महाराज बाडा चौकाजवळचा मोबाइलवाला म्हणतो, 'दस मिनट के लिए फोन ला दो, सब दिखने लगेगा.' तीन हजार सांगितले, पाचशे बयाणा दिलाय. टाकू का ॲप? कोर्टात चालेल ना?"

भाऊ, कोर्टाचं आधी सांगते, कारण चार पानांत तुम्ही ते तीनदा विचारलंय. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आपल्याच ग्वाल्हेर खंडपीठापुढे जून 2025 मध्ये असं प्रकरण होतं. नवऱ्याने बायकोच्या फोनमध्ये ॲप टाकलेलं, तिचे व्हॉट्सॲप चॅट आपोआप त्याच्याकडे यायचे. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम 14 खाली ते पुराव्यात घेता येतील, असं कोर्टाने म्हटलं. लगेच खूश होऊ नका. पुरावा घेतला म्हणून तो चोरून मिळवणारा सुटत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. उलट व्यभिचार 2018 पासून गुन्हाच राहिलेला नाही, फक्त घटस्फोटाचं कारण आहे. म्हणजे चूक तिची निघाली, तरी पोलीस तुम्हालाच बोलावतील!

आता ती दहा मिनिटं. मोबाइलवाला फोनमधला गुगलचा राखणदार, प्ले प्रोटेक्ट, बंद करणार, बाहेरची फाइल टाकणार, स्क्रीनवरचं सगळं वाचू देणारी ॲक्सेसिबिलिटीची परवानगी देऊन मोकळा. तिथून पुढे तिच्या वर्गातल्या मुलांच्या आयांचे मेसेज, बँकेचे ओटीपी, बहिणीची रडारड, सगळं कुठल्यातरी अनोळखी सर्व्हरवर. त्या ॲपचा पासवर्डही बहुतेक मोबाइलवालाच टाकून देईल, म्हणजे तो त्यालाही माहीत. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2021 मध्ये 'स्पायफोन' या असंच पाळतीचं ॲप विकणाऱ्या कंपनीवर बंदी आणली, तेव्हा एक आक्षेप हाही होता, की चोरून गोळा केलेला माल त्यांना धड सांभाळताही आला नव्हता.

पण मी अडकले ते तुमच्या शेवटच्या पानावर. तिथे पट्टीने रेघा मारून तक्ता केलाय: 'लास्ट सीन' 11.40, 12.05, 12.20. दोन महिन्यांचा. म्हणजे तुम्हीही जागेच होतात की! ती वर गच्चीत, तुम्ही खाली गादीवर पेन घेऊन. आणि "कुणाशी बोलतेस गं?" असं एकदा विचारल्याचं मला चार पानांत सापडलं नाही.

रविवारी मुलगी आजीकडे जाते म्हणता, तेव्हा विचारा. "तू वर जातेस, मला झोप लागत नाही," इतकंच. तक्ता काढू नका, तो दिसला की बोलणं त्याच्यावरच जाईल. ती चिडेल, कदाचित रडेल. मध्ये बोलू नका. तुम्हाला नको असलेलं उत्तर आलं, तर वकिलाकडे जा. तिच्या फोनला तेव्हाही हात लावू नका.

बयाण्याचे पाचशे मागायला त्या दुकानात परत जाऊ नका. बुडाले तर बुडू देत.