ऑब्जेक्ट कोणाच्या हक्कावर जिवंत होता?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझा लिनक्स कर्नल ड्रायव्हर क्रॅश होतो त्याचा लॉग आणि त्यावर तू केलेला पॅच (दुरुस्तीचा बदल), दोन्ही नीट वाचले. वर्क फंक्शनमध्ये (रांगेत लावून नंतर चालणाऱ्या कामात) तू बफरचा पॉइंटर नल आहे का ते पाहणारी एक ओळ घातली आहेस, आणि तेव्हापासून क्रॅश येत नाही असं लिहिलंस. ती ओळ आधी काढून टाक. तो बफर-पॉइंटर ज्या स्ट्रक्चरमध्ये आहे, ते स्ट्रक्चरच तोवर फ्री झालेलं असतं, म्हणजे त्याची मेमरी परत दिलेली असते. डिव्हाइस काढताना चालणारं रिमूव्ह फंक्शन तो पॉइंटर नल करतं आणि ते संपल्यावर सगळं स्ट्रक्चर फ्री होतं. त्यामुळे फ्री झालेल्या मेमरीत ते नल बरेचदा तसंच पडून राहतं, तुझी तपासणी ते वाचते आणि मुकाट परत फिरते. ज्या दिवशी ती जागा दुसऱ्या कोणाला मिळालेली असेल, त्या दिवशी तिथे नल नसेल. केसॅन, म्हणजे मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलचं साधन, लावून हाच पॅच चालवून बघ. रिपोर्ट आता तुझ्या तपासणीच्याच ओळीवर किंवा तिच्याही आधी येईल.

क्रॅश जिथे होतो त्या ओळीला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. ऑब्जेक्टच्या (मेमरीत घेतलेल्या अशा स्ट्रक्चरच्या) आयुष्याशी निगडित चुकांमध्ये मार एकाला बसतो आणि चूक दुसऱ्याची असते, बहुधा दुसऱ्या सीपीयूवर आणि काही मिलिसेकंद आधी. म्हणून 'ही ओळ का कोसळली' हा प्रश्न बाजूला ठेव. त्याऐवजी विचार: या ओळीवर हा ऑब्जेक्ट जिवंत आहे, असं मानण्याचा हक्क या कोडला कुठून मिळाला? माझ्या मते याची ग्राह्य उत्तरं चारच. या कोडने स्वतःचा मोजलेला रेफरन्स घेतलेला आहे (ऑब्जेक्ट किती जण वापरतात त्या मोजणीत आपली भर; घेणं म्हणजे गेट, सोडणं म्हणजे पुट, मोजणी शून्य झाली की ऑब्जेक्ट फ्री). किंवा असा लॉक हातात आहे की तो सुटेपर्यंत कोणी ऑब्जेक्ट काढू शकत नाही. किंवा आपण आरसीयूच्या (चालू वाचक संपेपर्यंत फ्री करणं लांबवणाऱ्या कर्नलच्या पद्धतीच्या) रीड सेक्शनमध्ये आहोत आणि ऑब्जेक्ट आरसीयूच्याच वाटेने फ्री होतो. किंवा जो मालक त्याला फ्री करतो, तो आपलं काम संपेपर्यंत थांबतो, हे कोडमध्ये दाखवता येतं. यातलं एकही उत्तर देता आलं नाही तर बग तिथेच आहे, मग तो अजून एकदाही क्रॅश झालेला नसला तरी.

आता रिपोर्ट वाचण्याबद्दल. केसॅन लिनक्स कर्नलमध्ये २०१५ साली ४.० आवृत्तीत आला. त्याचा जेनेरिक प्रकार दर ८ बाइटमागे १ बाइट शॅडो मेमरी (कुठला बाइट वापरायला वैध आहे त्याची नोंद) ठेवतो, म्हणजे एक अष्टमांश मेमरी त्यातच जाते आणि वेगही चांगलाच मंदावतो. रिपोर्टमध्ये तीन स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याच्या याद्या) असतात: ऑब्जेक्टला आत्ता कोणी हात लावला, तो कोणी अलोकेट केला आणि कोणी फ्री केला. बहुतेक जण पहिल्या स्टॅकवरच अडकतात. तू तिसऱ्यापासून सुरुवात कर. फ्री करणाऱ्याला 'आता हा कोणालाच नको' असं कशावरून वाटलं, हे त्याच्या कोडमध्ये शोध, मग पहिल्या स्टॅककडे ये.

तिसऱ्या स्टॅकमध्ये नुसतं आरसीयूचं कॉलबॅक चालवणारं कोड किंवा केवर्कर (रांगेतलं वर्क चालवणारा कर्नलचा थ्रेड) दिसला तर निराश होऊ नकोस. खाली आणखी एक स्टॅक बघ, त्या ऑब्जेक्टसाठी शेवटचं वर्क किंवा आरसीयू कॉलबॅक कोणी रांगेत लावलं ते सांगणारा. खरा निर्णय तिथे झालेला असतो. 'अमुक बाइट आत' हा ऑफसेटही सोडू नकोस. पाहोल (स्ट्रक्चरचा आराखडा दाखवणारं साधन) चालवून त्या ऑफसेटला कुठलं फील्ड आहे ते काढ. टायमरचं फील्ड, लिस्टचा दुवा की रेफरन्स काउंट, एवढं कळलं तरी शोध निम्म्यावर येतो. फंक्शन-अधिक-ऑफसेटचं ओळ क्रमांकात रूपांतर करायला कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये फॅडरटूलाइन आहे. त्यासाठी डीबग माहितीसह बिल्ड हवं, आणि नेमकं तेच बिल्ड हवं. कॉन्फिग बदलून पुन्हा केलेल्या बिल्डवर ऑफसेट चुकीच्या ओळी दाखवतात.

एक सावधगिरी. केसॅन फ्री झालेला ऑब्जेक्ट लगेच परत वापरू देत नाही, काही काळ क्वारंटाइनमध्ये ठेवतो. त्या क्वारंटाइनची मर्यादा साधारण एकूण मेमरीच्या एक बत्तिसांश असते. ताण जास्त असला की ऑब्जेक्ट तिथून लवकर बाहेर पडतो, जागा दुसऱ्याला मिळते, आणि मग चुकीचा वापरही वैध दिसतो. रिपोर्ट आला तरी अलोकेट-फ्रीचे स्टॅक भलत्याच ऑब्जेक्टचे असू शकतात. ते पहिल्या स्टॅकशी कुठल्याच नात्याने जुळत नसतील तर हाच संशय घे, आणि व्हर्च्युअल मशीनला जास्त मेमरी देऊन पुन्हा चालव. आणि भरवसा पहिल्याच रिपोर्टवर ठेव. त्यानंतरची मेमरी आधीच बिघडलेली असते.

केसॅन नसलेल्या मशीनवरचा लॉग हाती आला तर रजिस्टर बघ. स्लबचं (कर्नलच्या मेमरी-वाटपाचं) पॉयझनिंग चालू असेल तर फ्री झालेली मेमरी हेक्समधल्या ६बी या बाइटने भरलेली असते. रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी अशी रांग दिसली की फ्री झालेल्या ऑब्जेक्टमधून पॉइंटर वाचला गेला आहे, हे नक्की. शेवटचा बाइट ६बीऐवजी ८बी असेल तर फरक हेक्स २०, म्हणजे त्या खोट्या पॉइंटरपासून ३२ बाइटवरचं फील्ड हवं होतं. एक्स८६-६४ वर (नेहमीच्या ६४ बिटी इंटेल-एएमडी प्रोसेसरवर) हा पत्ता नियमात बसणारा नसतो, म्हणून तिथे पेज फॉल्ट न येता जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो. नवे लोक त्यानेच गोंधळतात. पत्ता 'डेड' या चार हेक्स अक्षरांनी सुरू होऊन १०० किंवा १२२ ने संपत असेल तर लिस्टमधून आधीच काढलेला दुवा कोणीतरी पुन्हा काढतो आहे किंवा त्यावरून पुढे चालला आहे. आणि फ्री करतानाच मेमरी शून्य करण्याचा पर्याय चालू असेल तर हाच बग साध्या नल-पॉइंटर क्रॅशचं रूप घेऊन येतो. तेव्हा 'नल आलं, तपासणी घालू' हा मोह आणखी वाढतो.

रेफरन्स काउंटच्या इशाऱ्यांकडे लोक एकाच नजरेने बघतात, पण ते तीन वेगळे आजार आहेत. 'शून्यावर बेरीज' म्हणजे कोणीतरी मेलेल्या ऑब्जेक्टवर रेफरन्स घेतला, चूक ऑब्जेक्ट शोधून रेफरन्स घेणाऱ्या कोडमध्ये आहे. 'अंडरफ्लो' म्हणजे एक पुट जास्त झाला, बहुधा एरर पाथमध्ये. 'सॅच्युरेटेड' म्हणजे बरेचदा पुट सतत राहून जातो आहे. हे इशारे ४.११ आवृत्तीत रेफकाउंट-टी हा प्रकार आला तेव्हापासून मिळतात. त्याआधीचे साधे अॅटॉमिक काउंटर फिरून पुन्हा शून्यावर येत. २०१६ च्या जानेवारीत उघड झालेला सुरक्षा-दोष सीव्हीई-२०१६-०७२८ हाच होता. कीरिंगच्या (कर्नलमधल्या गुप्त किल्ल्यांच्या संचाच्या) कोडमध्ये एका वाटेवर पुट राहिला होता, तीच वाट पुन्हापुन्हा चालून ३२ बिटांचा काउंटर पूर्ण फिरवता येई, आणि वापरात असलेली कीरिंग फ्री होई. एक राहिलेला पुट म्हणजे फक्त मेमरी गळती, असं समजू नकोस.

'शून्य नसेल तरच वाढव' हे फंक्शनही आपोआप संरक्षण देत नाही. काउंट ऑब्जेक्टच्याच आत असतो. तो वाचायच्या आधी ऑब्जेक्ट गेला असेल तर तपासणीच चुकीच्या मेमरीवर होते. म्हणून शोध आणि वाढ या दोन्ही गोष्टी एकाच लॉकखाली हव्यात, आणि लिस्टमधून काढणाराही तोच लॉक घेणारा हवा. नाहीतर दोन्ही आरसीयू रीड सेक्शनमध्ये हव्यात आणि शेवटचं फ्री केफ्री-आरसीयूने (वाचक संपल्यावरच फ्री करणाऱ्या फंक्शनने) व्हायला हवं. 'टाइपसेफ बाय आरसीयू' असा फ्लॅग लावलेल्या स्लब कॅशमध्ये तर ऑब्जेक्ट ताबडतोब परत वापरला जातो, हमी असते ती फक्त मागच्या पेजची. तिथे रेफरन्स मिळाल्यावर शोधाची की (ओळख-मूल्य) पुन्हा जुळवून पाहावी लागते, कारण हातात आलेला ऑब्जेक्ट त्याच जातीचा पण दुसराच असू शकतो.

आता तुझा ड्रायव्हर. कागद घे आणि त्या स्ट्रक्चरचा हिशेब मांड: कोणाकोणाकडे त्याचा पॉइंटर आहे, तो कुठे मिळाला, कुठे सोडला जातो, आणि मध्ये एरर आली तर कोण सोडतं. तुझ्याकडे पाच धारक आहेत: इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरने हाक दिली की चालणारं फंक्शन), टायमर, वर्क, ग्लोबल लिस्ट आणि उघडी राहिलेली फाइल. रिमूव्हमध्ये तू आधी वर्क रद्द करतोस, मग टायमर थांबवतोस. या दोन ओळींच्या मध्ये टायमर वाजला तर तो वर्क पुन्हा रांगेत लावतो. मग टायमर थांबतो, स्ट्रक्चर फ्री होतं, आणि वर्क नंतर निवांत येऊन फ्री झालेल्या मेमरीत शिरतं. लॉगमधला क्रॅश हाच. आता नुसता क्रम उलटा केलास तरी भागणार नाही, कारण तुझं वर्क शेवटी टायमर पुन्हा लावतं. दोघं एकमेकांना उठवतात.

याचा इलाज ६.२ आवृत्तीपासून आहे: टायमर-शटडाऊन-सिंक. तो चालू असलेला कॉलबॅक संपेपर्यंत थांबतो आणि त्यानंतर टायमर पुन्हा लावण्याचा प्रयत्न झाला तर तो सोडून देतो. म्हणून क्रम असा ठेव. आधी ग्लोबल लिस्टमधून काढ, म्हणजे नवं कोणी आत येणार नाही. मग हार्डवेअरचा इंटरप्ट बंद करून फ्री-आयआरक्यू कर, ते चालू हँडलर संपेपर्यंत थांबतं. मग टायमर शटडाऊन, मग कॅन्सल-वर्क-सिंक, आणि सगळ्यात शेवटी आपला रेफरन्स पुट. जुन्या कर्नलसाठी 'बंद होत आहे' असा फ्लॅग लॉकखाली ठेवून टायमर आणि वर्क दोघांनाही तो पुन्हा लावण्याआधी तपासायला लाव. यातलं काहीही थांबवताना हातात असा लॉक नको जो तो कॉलबॅकही घेतो. नाहीतर दोघं एकमेकांची वाट पाहत राहतील.

उघड्या फाइलचा प्रश्न याहून अवघड आहे. तू स्ट्रक्चर डेव्हएम-केझॅलॉकने घेतलं आहेस. ती मेमरी डिव्हाइस ड्रायव्हरपासून सुटलं की जाते, युजरची फाइल उघडी असली तरी. त्यानंतरचा एक रीड किंवा क्लोज पुरतो. युजरस्पेसला ज्याचा धागा मिळतो ते स्ट्रक्चर डेव्हएमने घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. साधं अलोकेट कर, केरेफ (कर्नलचा तयार रेफरन्स काउंटर) ठेव, ओपनमध्ये गेट, रिलीजमध्ये पुट. डेव्हएमचा इंटरप्टही असाच फसवतो: तो रिमूव्ह संपल्यावर सुटतो, म्हणजे रिमूव्हमध्ये हाताने फ्री केलेल्या गोष्टींवर इंटरप्ट येऊ शकतो. आणि डिव्हाइस-रजिस्टर अपयशी ठरलं तर केफ्री नको, पुट-डिव्हाइसच हवं.

मॉड्यूलमध्ये कॉल-आरसीयू (कॉलबॅक नंतरसाठी रांगेत लावणारं) वापरलं असेल तर मॉड्यूल काढताना आरसीयू-बॅरियर लागतो, तो ते कॉलबॅक संपेपर्यंत थांबतो. सिंक्रोनाइझ-आरसीयू फक्त वाचकांची वाट बघतं, रांगेतले कॉलबॅक चालून गेले की नाही ते बघत नाही.

बग हमखास दिसावा म्हणून खिडकी (चूक घडू शकते तो अवधी) मुद्दाम रुंद कर. वर्क रद्द करणं आणि टायमर थांबवणं यांच्या मध्ये एम-डिले (न झोपता थांबणं) घाल, टायमरच्या अवधीपेक्षा मोठा. एम-स्लीप अॅटॉमिक (झोपायला मनाई असलेल्या) जागी चालत नाही, तिथे तो टाळ. डीबग-ऑब्जेक्ट्स चालू कर, टायमर, वर्क आणि फ्री या पर्यायांसह: जिवंत टायमर असलेली मेमरी फ्री होताच तो ओरडतो, क्रॅशची वाट बघावी लागत नाही. डीबग-केऑब्जेक्ट-रिलीज हा पर्याय केऑब्जेक्टचा (रेफरन्स मोजणाऱ्या कर्नलच्या मूळ ऑब्जेक्ट-प्रकाराचा) शेवटचा रिलीज काही सेकंद लांबवतो, त्यामुळे 'पुट केला म्हणजे गेलाच' असं गृहीत धरणारं कोड उघडं पडतं. एरर पाथसाठी फेल-एनथ (ठरावीक क्रमांकाचं अलोकेशन मुद्दाम पाडणारी सोय) वापर. प्रोबमधलं (डिव्हाइस जोडताना चालणाऱ्या फंक्शनमधलं) पहिलं अलोकेशन पाड, मग दुसरं, मग तिसरं, असं शेवटपर्यंत जा. तुझ्या प्रोबमध्ये चार गोटू लेबलं आहेत, आणि तिसऱ्यातून बाहेर पडताना पुट दोनदा होतो असं मला दिसतं. ते इथे लगेच सापडेल.

उलट बाजूची चूक, म्हणजे पुट राहणं, केमेमलीक (मेमरी गळती शोधणारं साधन) दाखवतो, पण पॉइंटर अजून कुठे धरलेला असेल तर त्याला गळती दिसत नाही. नेटवर्क डिव्हाइस सुटायची वाट बघत असल्याचा संदेश लॉगमध्ये पुन्हापुन्हा येत असेल तर रेफ-ट्रॅकर लाव, कोणाचा पुट राहिला ते तो स्टॅकसह सांगतो. प्रत्यक्ष वापरातल्या मशीनवर केसॅन परवडत नाही. तिथे केफेन्स (त्याचाच हलका भाऊबंद) ठेव. २०२१ च्या ५.१२ आवृत्तीपासून तो आहे. मूळ सेटिंगमध्ये दर १०० मिलिसेकंदांनी एखादंच अलोकेशन तो पहाऱ्यात घेतो. एका मशीनवर नशीब लागतं, शेकडो मशीनवर तो बरंच पकडतो.

दुरुस्ती झाली की एम-डिले लगेच काढू नकोस. तो ठेवूनच, केसॅनखाली, सिसएफएसमधून (कर्नलच्या फाइलरूपी नियंत्रणांतून) बाइंड-अनबाइंड, म्हणजे ड्रायव्हर जोडणं-सोडवणं, रात्रभर चालव, आणि एक प्रोसेस फाइल उघडी धरून बसलेली असू दे. ते शांतपणे पार पडलं की एम-डिले काढ आणि कमिट संदेश लिही. त्यात दोन सीपीयूंचे दोन रकाने कर आणि घटना वरून खाली क्रमाने मांड: इकडे वर्क रद्द, तिकडे टायमर वाजला, इकडे स्ट्रक्चर फ्री, तिकडे वर्क सुरू. फिक्सेस टॅगमध्ये (चूक कुठल्या कमिटने आणली ते सांगणाऱ्या ओळीत) जिथे टायमरने वर्क रांगेत लावायला सुरुवात केली तो कमिट दे, क्रॅश झालेली ओळ आणणारा नव्हे. पाच धारकांचा तो कागदही पॅचबरोबर मला पाठव. फाइलच्या रकान्यात तू काय लिहितोस ते मला आधी बघायचं आहे.

सस्नेह