लेक तोंड फिरवते तेव्हा

प्रश्न : मुलगी चौदा महिन्यांची असताना आजारपणामुळे मला पाच आठवडे हॉस्पिटलात राहावं लागलं. ती माझ्या बहिणीकडे होती. परत आले, तर माझ्याकडे न बघता मावशीच्या खांद्यात तोंड खुपसून बसली. आता ती तीन वर्षांची आहे. बाथरूमला गेले तरी दाराशी रडते. मी तिला टाकून गेले, त्याचा कायमचा परिणाम झालाय का?

उत्तर : ‘टाकून गेले’ हे शब्द आधी खोडा. तुम्ही आजारी होतात.

ती तुम्हाला विसरली होती म्हणून तिनं तोंड फिरवलं, असं नाही. परक्या माणसावर कोण रुसतं? ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या संशोधकांनी हॉस्पिटलात एकट्या राहणाऱ्या लहान मुलांमध्ये हेच पाहिलं होतं. आधी आकांत, मग गप्प होणं, मग आई आली तरी कोरडेपणा. तोवर मोठी माणसं म्हणत, ‘रुळलं हो पोर!’ रॉबर्टसन यांनी 1952 साली माहितीपटच दाखवला, तरी अनेक डॉक्टरांना ते पटेना. चौदाव्या महिन्यात तर आईची ओढ ऐन भरात असते आणि ‘पाच आठवड्यांनी येते’ हे कळायचं वय नसतं.

कायमच्या परिणामाची भीती बहुधा रोमानियातल्या अनाथालयांबद्दल वाचून बसते. तिथल्या बाळांना हक्काचं एकही माणूस नव्हतं. पाळी बदलली की चेहरा बदलायचा. तिथली राजधानी बुखारेस्टमध्ये 2000 साली अशा 136 मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यातली जी साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली, ती जास्त सावरली. तुम्ही हॉस्पिटलात गेलात त्या पहिल्या दिवसापासून तुमच्या लेकीला मावशीची एकच मांडी होती. रॉबर्टसन पती-पत्नींनी पुढे चार मुलांना, त्यांच्या आया हॉस्पिटलात असताना, स्वतःच्या घरी सांभाळलं. ती मुलं कावरीबावरी झाली, पण मोडली नाहीत. सतत बदलणाऱ्या परिचारिकांच्या हाती नऊ दिवस राहिलेला सतरा महिन्यांचा एक मुलगा मात्र पार कोलमडला होता.

म्हणून बहिणीचं येणं-जाणं कमी करू नका. (मनात थोडी असूया असेल, तर असू दे.) मावशी अचानक दिसेनाशी होणं ही मुलीसाठी दुसरी ताटातूट ठरेल.

चिकटून राहणं म्हणजे आई पुन्हा नाहीशी होत नाही ना, याची चाचपणी. बाहेर जाताना नजर चुकवून सटकू नका, रडली तरी सांगून जा. ‘लवकर येते’ तिला कळत नाही. ‘तू झोपून उठलीस की येते’ कळतं. मग तेव्हा यायचंच. आता तिला शब्द कळतात, तर तेव्हाची गोष्टही सांगा : आई आजारी होती, तू मावशीकडे होतीस, आईला तुझी आठवण यायची, आई आली. ती तीच गोष्ट वीस वेळा मागेल. सांगा.

ती कुणाही अनोळखी माणसाबरोबर मागे न बघता निघून जात असेल, बोलायला लागून पुन्हा गप्प झाली असेल किंवा कित्येक आठवडे झोप उडाली असेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. नुसत्या रडण्यासाठी इतक्यात नको.

आणि बाथरूममध्ये असताना आतून तिच्याशी बोलत राहा. आधी दोन मिनिटं, मग चार.