एक्सरे नॉर्मल आला, मग एमआरआय कशाला?

प्रश्न: माझी मुलगी १९ वर्षांची, कबड्डी खेळते. पंधरा दिवसांपूर्वी रेडरला पकडताना पाय पिळला, गुडघ्यात कट्कन आवाज आला आणि तासाभरात गुडघा टम्म फुगला. एक्सरे नॉर्मल आहे, सूजही उतरलीय, तरी डॉक्टर एमआरआय सांगतात. ओळखीतले म्हणतात सोनोग्राफीत भागेल. काय करू? (एक आई)

उत्तर: ताई, एमआरआय करून घ्या. आवाज येऊन तासाभरात गुडघा फुगला म्हणजे बहुतेक वेळा आत रक्त साचलेलं असतं आणि अशा वेळी पहिला संशय एसीएल या लिगामेंटवरच, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणाऱ्या गुडघ्यातल्या पट्ट्यावरच जातो. एक्सरेत हाडं दिसतात, लिगामेंट दिसत नाही, त्यामुळे तो नॉर्मल आला म्हणून आतलं सगळं ठीक असं होत नाही. कधीकधी मात्र नडगीच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या कडेला हाडाची बारीकशी कपची उडालेली दिसते, दिसायला क्षुल्लक, पण ती दिसली की एसीएल तुटल्याची शंका पक्की धरतात. पॉल सेगाँ या फ्रेंच सर्जननं ती १८७९ मध्येच लिहून ठेवली होती, एक्सरेचा शोध तर १८९५ चा!

सोनोग्राफी वाटीखालचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी), वाटीवरचा टेंडन, आतल्या बाजूचं लिगामेंट अशा वरवरच्या गोष्टींना छानच, पण एसीएल दोन हाडांच्या मधे खोल असतं, तिथलं नीट दिसत नाही.

एमआरआयमध्ये धडधाकट लिगामेंट काळं दिसतं कारण त्यात तंतू दाटीनं बसलेले असतात, मोकळं पाणी फार कमी. एसीएलच्या मागचं लिगामेंट, पीसीएल, जाड, काळंकुळकुळीत, हॉकी स्टिकसारखं वाकलेलं. एसीएल तिरपं, मधेमधे उजळ रेघा असलेलं, ते नॉर्मलच आहे. तुटलं की त्या रेघांची सरळ ओळ मोडते, पट्टा फुगीर आणि धूसर होतो, शिवाय हाडं एकमेकांवर आपटल्याचा मुका मारही दिसतो, तो सूज उतरल्यावरही कित्येक आठवडे राहतो, म्हणून पंधरा दिवस झाले तरी उशीर झालेला नाही. दोन हाडांमधली गादी (मेनिस्कस) फाटलीय का तेही त्यातच कळतं.

मला खरी काळजी वेगळीच आहे. बरं वाटतंय म्हणून पोरगी मॅटवर उतरली आणि गुडघा परत सटकला तर चांगली असलेली गादीही फाटेल, तेव्हा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून, त्यांनी गुडघा हातानं तपासून सांगेपर्यंत खेळ बंदच ठेवा.

एमआरआयला रेडिएशन नसतं, मशीनचा आवाज खूप असतो, अर्धा तास पाय हलवायचा नाही. चमकी, पिना काढून ठेवा. आणि जुन्या एक्सरेचा नुसता रिपोर्ट नको, फिल्म सोबत न्या, ती कपची परत एकदा शोधायला सांगा.