कर्करोगाच्या जनुकशास्त्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नेट परीक्षा उत्तीर्ण होऊन संशोधनवृत्ती मिळाली याचा मनापासून आनंद झाला. पीएच.डी. कर्करोगाच्या जनुकशास्त्रात करावी का आणि करायची तर कोणती तयारी लागेल, असे तू विचारले आहेस. क्रिस्पर (जनुकांत नेमका बदल करण्याचे तंत्र), एकेका पेशीचे सिक्वेन्सिंग (तिच्यातला जनुकीय मजकूर वाचणे), संगणकीय विश्लेषण ही जी तंत्रे तुला शिकायची आहेत ती अवश्य शीक; चांगल्या प्रयोगशाळेत ती वर्ष-दोन वर्षांत हातात बसतात. तंत्रांआधी जी सवय लागावी असे मला वाटते ती वेगळी आहे. आपल्यासमोरचा नमुना कोणाचा, कुठून आला आणि त्यात नेमके काय आहे, याची खात्री करून घेतल्याशिवाय पुढे न जाण्याची ती सवय. आपल्या क्षेत्राचा इतिहास मी जितका वाचला, तितके मला हेच पटत गेले.

पी५३ या प्रथिनाचे उदाहरण घे. हे प्रथिन १९७९ मध्ये सापडले आणि पुढची सुमारे दहा वर्षे त्याचे जनुक कर्करोग घडवून आणणारे म्हणूनच ओळखले गेले, कारण जनुकाच्या ज्या क्लोनवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या प्रतींवर, प्रयोग चालू होते त्यांतल्या अनेकांत मुळातच उत्परिवर्तन झालेले होते आणि बिघडलेल्या प्रतीचे गुण सर्वजण मूळ जनुकाचे समजत होते. १९८९ मध्ये बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सतराव्या गुणसूत्राचा तुकडा नाहीसा होतो तेव्हा उरलेल्या प्रतीतले पी५३ बिघडलेले असते हे दाखवले. त्याच वर्षी, या प्रथिनाच्या मूळ शोधकांपैकी एक असलेल्या अर्नोल्ड लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेने निर्दोष पी५३ पेशींचे कर्करोगी रूपांतर रोखते हे सिद्ध केले. चित्र पूर्ण उलटले. प्रयोग काळजीपूर्वक केलेले होते, पण साहित्याची ओळख चुकलेली होती. एमडीए-एमबी-४३५ या सेल लाइनची, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणाची, कथाही अशीच आहे. ती स्तनाच्या कर्करोगाची म्हणून जगभर वापरली गेली, तिच्यावर शेकडो शोधनिबंध निघाले आणि अखेर ती एम१४ या मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाच्या, सेल लाइनशी एकरूप असल्याचे निष्पन्न झाले. म्हणून सेल लाइन हाती येताच एसटीआर तपासणी (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणे) करून घे आणि मायकोप्लाझ्माची, म्हणजे पेशींत नकळत शिरणाऱ्या सूक्ष्म जीवाणूंची, तपासणी ठरावीक काळाने करत राहा, मग ती शेजारच्या प्रयोगशाळेतून आलेली असो वा परदेशातून.

अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांचे काम मात्र तू सावकाश, मूळ शोधनिबंध समोर ठेवून वाचावेस. स्तनाचा कर्करोग काही कुटुंबांत एका जनुकामुळे येत असावा, हे गृहीतक घेऊन त्यांनी १९७० च्या दशकात काम सुरू केले, तेव्हा इतक्या सर्रास आढळणाऱ्या आणि अनेक कारणे असलेल्या आजारामागे एखादे जनुक शोधणे बहुतेकांना व्यर्थ वाटत होते. १९९० च्या त्यांच्या शोधनिबंधात २३ कुटुंबे आणि १४६ रुग्ण होते. सर्व कुटुंबे एकत्र ठेवून संकेत उमटत नव्हता. कुटुंबांची मांडणी रोगनिदानाच्या सरासरी वयानुसार केली, तेव्हा लहान वयात आजार झालेल्या कुटुंबांत सतराव्या गुणसूत्राशी असलेला संबंध स्पष्ट दिसला (संबंध योगायोगाचा नसल्याच्या पुराव्याचे माप असलेला लॉड गुणांक ५.९८, पुरावा मानण्याची रूढ मर्यादा ३ आहे) आणि उतारवयात आजार झालेल्या कुटुंबांत हा गुणांक ऋण निघाला. उतारवयातला स्तनाचा कर्करोग बहुतांशी आनुवंशिक नसतो, त्यामुळे ती कुटुंबे खरा संकेत झाकून टाकत होती. मला या साऱ्या कामातली ही मांडणी सर्वांत सुंदर वाटते, कारण ती रुग्णांविषयीच्या जाणिवेतून आलेली आहे. सतराव्या गुणसूत्रावरचे ते जनुक, म्हणजे बीआरसीए१, प्रत्यक्ष वेगळे काढण्यात १९९४ मध्ये मार्क स्कोल्निक यांचा गट पुढे गेला. किंग यांच्या कामाचे मोल त्याने कमी झाले नाही.

आपल्याकडे तुला याच कामाचा न झालेला भाग मोठ्या प्रमाणावर मिळेल. जनुकीय बदलांची जागतिक माहिती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, त्यामुळे भारतीय रुग्णाच्या तपासणीत असा बदल अनेकदा सापडतो ज्याचा अर्थ कोणालाच सांगता येत नाही, आणि तसा अहवाल हातात घेऊन बसलेल्या स्त्रीला काय सांगावे हा डॉक्टरांपुढे खरा प्रश्न असतो. २०१८ मध्ये बीआरसीए१ मधल्या सुमारे ३,९०० बदलांपैकी प्रत्येकाचा परिणाम प्रयोगशाळेत तपासला गेला. त्यासाठी एचएपी१ या मानवी पेशी निवडल्या होत्या, कारण त्यांत जवळजवळ प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते आणि बीआरसीए१ शिवाय त्या जगत नाहीत. योग्य साहित्य निवडले की तंत्राची ताकद कशी वाढते, ते यात पाहा.

अशा प्रयोगांना जोड लागते ती कुटुंबांच्या नोंदींची, आणि तिथे तुझी मराठी तुझ्या उपयोगी पडेल. आनुवंशिक कर्करोगाच्या बाह्यरुग्ण विभागात काही महिने समुपदेशकाशेजारी बसण्याची परवानगी मिळव. ‘घरात कोणाला कर्करोग झाला होता का?’ असे विचारले की बहुतेक जणी आई आणि मावशीबद्दल सांगतात. धोका वाढवणारा जनुकीय बदल वडिलांकडूनही तितक्याच, म्हणजे निम्म्या, शक्यतेने येतो आणि तरीही लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या आत्याची किंवा चुलत आजीची गोष्ट वेगळी विचारल्याशिवाय निघत नाही. जुन्या पिढीत ‘गाठ झाली होती’ एवढेच सांगितलेले असते, तेव्हा गाठ कुठे होती आणि तेव्हा वय काय होते हे हळुवारपणे विचारावे लागते. संमतिपत्र मराठीत वाचून दाखव, घाई करू नकोस, आणि रक्त देणाऱ्या बाईला तिच्या अहवालातून काय कळेल व काय कळणार नाही हे आधीच स्पष्ट सांग.

कमल रणदिवे यांच्याविषयी तू ऐकले असशीलच. पुण्यात जन्मलेल्या, विकृतिशास्त्रज्ञ वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईत पीएच.डी. केलेल्या या संशोधिकेने भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतीसंवर्धनाची (शरीराबाहेर पेशी वाढवण्याची) प्रयोगशाळा उभारली आणि स्तनाचा कर्करोग व आनुवंशिकता यांच्या संबंधाचा विचार केला. तेच केंद्र पुढे टाटा स्मारक केंद्राचा भाग झाले. तिथे आणि त्याच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकाच छत्राखाली आहेत, म्हणून तुझ्या यादीत ही नावे वर असावीत.

मार्गदर्शक निवडताना शोधनिबंधांची संख्या पाहशीलच. त्याबरोबर फ्रीझरची नोंदवही पाहायला मिळेल का, असेही नम्रपणे विचार. प्रत्येक कुपीमागे तारीख, रुग्णाचा संकेतांक, संमतीची नोंद आणि नमुना किती वेळा वितळवला याची माहिती असेल, तर तिथे शिस्त आहे. तिथल्या विद्यार्थ्यांशी एकट्याने बोल. प्रयोग फसला असता मार्गदर्शक काय करतात, हे त्यांच्याकडून कळते.

अर्ज पाठवण्यापूर्वी एक पानभर टिपण लिही: तुला सुचलेला प्रश्न, त्यासाठी लागणारे नमुने, ते कोणत्या रुग्णांकडून आणि कोणत्या अटींवर मिळतील, आणि निष्कर्ष चुकीचा ठरवू शकेल असा तुलनेचा गट कोणता. टिपण मला पाठव, मी त्यावर शेरे लिहून परत करीन.

तुझ्या हितचिंतकाकडून.