चवथीची चाळीस कार्डे, फुटणारी शाई आणि पावसाळी कागद

गोव्यातल्या फोंड्याहून, घरी ठसे उठवून केलेल्या शुभेच्छा कार्डांबद्दल आलेल्या प्रश्नात चार तक्रारी आहेत. काळ्या ठशावरून मार्कर फिरवला की रेघ पसरते आणि रंग मळतो. कार्ड दुसऱ्या दिवशी पापडासारखे वळते. एम्बॉसिंगची पावडर (ओल्या ठशावर टाकून तापवली की वितळून उठावाची रेघ देते ती) नको तिथेही चिकटून बसते. डिझाइनच्या कागदाच्या कडा सुटतात. साहित्य आहे ऑफिसचे काळे स्टॅम्प पॅड, साठ रंगांचा दोन टोकांचा अल्कोहोल मार्करचा संच, पारदर्शक स्टॅम्प आणि फेविकॉल. चवथीला घरी येणाऱ्यांना द्यायला चाळीस कार्डे हवीत आणि बाहेर पाऊस थांबायचे नाव घेत नाही.

हाताचा दोष यात फारसा नाही. पहिली तक्रार शाई आणि मार्कर यांच्या भांडणाची आहे, उरलेल्या तिन्ही हवेतल्या पाण्याच्या. महागडा संच आणून यातले काहीच सुटणार नाही, त्यामुळे तो विचार तूर्त बाजूला ठेवा.

आधी शाई. नियम एवढाच की ठशाची शाई आणि वर भरायचा रंग एकाच द्रवात विरघळता कामा नयेत. ऑफिसच्या पॅडमधली शाई मुद्दाम सावकाश वाळणारी केलेली असते, नाहीतर पॅडच कोरडे पडेल. साध्या कागदात ती जिरते म्हणून वाळल्यासारखी वाटते, पण गुळगुळीत कार्डशीटवर तासन्‌तास ओलीच राहते. तिच्यातला रंग अल्कोहोलमध्ये सहज विरघळतो, त्यामुळे मार्करचे टोक रेघेला लागले की काळे ओघळ आलेच. इथे लोक हमखास एक चूक करतात. डबीवर ‘परमनंट’ किंवा ‘वॉटरप्रूफ’ वाचतात आणि स्टेझऑनसारखी शाई आणतात. ती पाण्याला पक्की आहे, पण सॉल्व्हंटवर बनलेली असल्यामुळे अल्कोहोल मार्करखाली तीही सुटते. अल्कोहोल मार्करसाठी मेमेंटोसारखी पाण्यावर बनलेली डाय शाई घ्या, तिचा टक्सेडो ब्लॅक हा काळा बहुतेकांना पुरतो. जलरंग किंवा पाण्याचे ब्रशपेन वापरणार असाल तर हिशेब उलटा होतो. तिथे मेमेंटो फुटते आणि स्टेझऑन, व्हर्साफाइन किंवा आर्काइव्हल या शाया टिकतात. शाळेत वापरतात ते स्केचपेन पाण्याचेच असतात, तेही याच गटात धरा.

कुठलीही शाई आणली तरी चाचणी घ्याच. ज्या कार्डशीटवर काम करणार त्याच्याच तुकड्यावर तीन ठसे उठवा. एकावर एका मिनिटाने, दुसऱ्यावर दहा मिनिटांनी, तिसऱ्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत फिका मार्कर फिरवा. गडद रंगाने चाचणी घेऊ नका, त्यात पसरलेला काळा दिसतच नाही. टोक काळे झालेच तर लगेच कोऱ्या कागदावर रेघोट्या मारून ते स्वच्छ करा, नाहीतर पिवळा मार्कर कायमचा शेवाळी होऊन बसतो.

चाळीस कार्डांसाठी याहून सोपी वाट आहे आणि माझे मत तिच्याच बाजूने आहे. एक ठसा नीट उठवा किंवा चित्र काळ्या पेनाने काढा, एका ए४ वर चार बसवा आणि पांढऱ्या १६० ते २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) गुळगुळीत कागदावर झेरॉक्स काढून घ्या. जाड कागद बायपास ट्रेमधून घालायला सांगा. अल्कोहोल मार्कर टोनरला, म्हणजे झेरॉक्सच्या भुकटी शाईला, विरघळवत नाही. कॉपिक हे मार्कर १९८७ मध्ये जपानमध्ये निघाले ते झेरॉक्सच्या प्रतीवर रंग भरता यावा म्हणूनच, नावातही ‘कॉपी’ आहे. स्वस्त संचाची मात्र एका प्रतीवर आधी परीक्षा घ्या. इंकजेट प्रिंट चालणार नाही, ती बहुधा फुटते.

रंग भरताना कार्डशीटखाली रद्दी कागद ठेवा, कारण अल्कोहोल शाई आरपार उतरते. याच कारणाने मुख्य कार्डावर थेट रंग भरू नका. वेगळ्या पांढऱ्या तुकड्यावर भरा आणि तो कार्डावर चिकटवा. रेघेपासून सुमारे १ मिलिमीटर अलीकडे थांबा, उरलेले अंतर शाई स्वतः चालते. छटा मिसळायच्या तर फिका, त्यावर ओला असतानाच गडद, आणि जोडावर पुन्हा फिका. कॉपिकच्या क्रमांकात अक्षर रंगाचे कुटुंब सांगते, पहिला आकडा रंग किती मळका ते आणि शेवटचा किती गडद ते. शेवटच्या आकड्यात दोन-तीनचा फरक असलेली जोडी सहज मिसळते. तुमच्या संचाचे क्रमांक वेगळ्या पद्धतीचे असतील, तर स्वतःचा तक्ता करून घ्या. टोपणाचा रंग आणि कागदावरचा रंग यांची भेट क्वचितच होते. मार्कर आडवे ठेवा. उभे ठेवले तर शाई खालच्या टोकाकडे उतरते आणि वरचे टोक कोरडे पडते.

पारदर्शक स्टॅम्प नवा असताना त्यावर शाईचे थेंब साचतात आणि ठसा ठिपकेदार येतो. खोडरबर हलक्या हाताने फिरवून त्याची चकाकी घालवा. ठसा उठवताना कागदाखाली जुना माऊसपॅड ठेवा आणि स्टॅम्प चिकटवलेला ठोकळा सरळ दाबून सरळ उचला. डोलवला की कडेला दुहेरी रेघ येते. वापर झाला की ओल्या फडक्याने पुसा आणि उन्हापासून लांब ठेवा, उन्हात हे स्टॅम्प पिवळे पडतात.

आता पाणी. गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की कार्डशीटचे उघडे पाकीट आठवड्यात मऊ पडते. कागदाचे तंतू पाणी पिऊन जाडीत फुगतात, त्यामुळे कागद ग्रेनच्या (तंतू ज्या दिशेने पडलेले असतात त्या दिशेच्या) आडव्या दिशेने जास्त वाढतो. दोन थर चिकटवले आणि त्यांचे ग्रेन एकमेकांना आडवे गेले, की एक थर एका बाजूला ओढतो, दुसरा दुसऱ्या बाजूला, आणि कार्ड वळते. त्यात फेविकॉल लावला तर आपणच एका बाजूने पाणी पाजले असे होते. वरून वजन ठेवून हे सुटत नाही. वजन काढले की कार्ड पुन्हा वळते.

ग्रेन ओळखायला कागद न मोडता आधी उभा, मग आडवा वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकतो त्या घडीला समांतर ग्रेन असते. ए४ चे ग्रेन बहुतेक वेळा लांब बाजूने जाते. तो कागद मधोमध आडवा कापला की १४८.५ गुणिले २१० मिलिमीटरचे दोन तुकडे मिळतात. प्रत्येकावर २१० च्या बाजूने १०५ वर घडी घातली की घडी आपोआप ग्रेनच्या दिशेने येते आणि कडा फाटत नाही. म्हणजे चाळीस कार्डांना २५० ते ३०० जीएसएमचे वीस कागद, वर चुकांसाठी तीन. घडीच्या जागी आधी स्टील पट्टी धरून बोन फोल्डरने किंवा शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबा. दाबलेली खाच घडीच्या बाहेरच्या बाजूला यायला हवी आणि उठलेला उंचवटा आत. खाच आत ठेवून घडी घालणारेच जास्त, आणि मग कागद चिरला म्हणून कागदाला नावे ठेवतात.

डिझाइनचा कागद कार्डापेक्षा चहूबाजूंनी ३ मिलिमीटर लहान कापा, म्हणजे ९९ गुणिले १४२, आणि त्याचे ग्रेनही घडीला समांतर ठेवा. चिकटवायला डबल टेप, तीही काठापासून २ मिलिमीटर आत, चारही बाजूंनी. तुमच्या कडा सुटतात त्या बहुधा टेप फक्त मध्ये लावल्यामुळे किंवा ग्लूस्टिक वापरल्यामुळे. पावसात ग्लूस्टिकवर भरवसा नको. फेविकॉल वापरायचाच असेल तर बटण, शिंपला अशा कागद नसलेल्या वस्तूंना, टाचणीच्या डोक्याएवढा.

हातकागदाचे गणित वेगळे. पाकळ्या किंवा केळीचे धागे घातलेला कागद दिसतो देखणा, पण त्याला ठरावीक ग्रेन नसते आणि पृष्ठभाग खडबडीत असतो. त्यावर बारीक ठसा उठवू नका, शाई फुटतेच. तो मागच्या थराला वापरा. कात्रीने कापण्याऐवजी पाण्यात बुडवलेल्या ब्रशने रेघ ओढून त्या रेघेवर हलकेच फाडा, मग धाग्यांची मऊ कड मिळते. ती पूर्ण वाळेपर्यंत चिकटवायची नाही.

कागद हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. केशरी दाणे घ्या, ओलसर झाले की ते हिरवट होतात, मग ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असते, ते स्वयंपाकघरात नेऊ नका. डब्यातून एका बैठकीपुरतेच कागद काढायचे. पाकीट सबंध उघडे टाकून जेवायला उठलात तर सगळे मुसळ केरात.

पावडरीचेही कारण ओलावाच, थोडी स्थिर वीज आणि बोटांचे तेल. कार्डशीट आधी हीट गनने चार-पाच सेकंद गरम करा, थंड होऊ द्या, मग टाल्कम पावडरची छोटी पुरचुंडी सगळीकडे हलकेच फिरवा. त्यानंतर व्हर्सामार्क ही चिकट पारदर्शक शाई किंवा कुठलीही सावकाश वाळणारी पिगमेंट शाई घेऊन ठसा, त्यावर लगेच पावडर, झटकून टाका आणि उरलेले कण कोरड्या बारीक ब्रशने काढा. गन दुसरीकडे धरून दहा-पंधरा सेकंद तापू द्या आणि मगच कार्डाकडे आणा, ५ ते ८ सेंटिमीटर अंतरावरून. पावडर वितळून चमकली की ताबडतोब पुढे सरका. जास्त तापली तर ती कागदात जिरते आणि तेलकट डाग उरतो, त्याला इलाज नाही. केस वाळवायचा ड्रायर कामाचा नाही. त्याची उष्णता अपुरी आणि वारा जास्त, पावडर वितळण्याआधी खोलीभर होते.

नक्षीसाठी बाजारातल्या गुलाब-फुलपाखरांच्या पलीकडे बघा, आपल्याकडे सामग्री उशाशी आहे. देवळांच्या आणि जुन्या घरांच्या भिंतींवरची कावी घ्या. तिथे लाल थर खरवडून खालचा पांढरा दाखवतात, आणि कार्डावर हाच परिणाम एम्बॉसिंगने मिळतो. पांढऱ्या कार्डशीटवर वेलबुट्टीचा ठसा पारदर्शक पावडरीने उठवा, तापवा, थंड होऊ द्या, मग स्पंजने विटकरी डाय शाई गोल गोल फिरवत सगळीकडे चढवा आणि टिश्यूने पुसा. प्लॅस्टिक झालेल्या रेघांवर शाई धरत नाही, त्या पांढऱ्या राहतात. एका रंगात काम होते आणि चाळीस कार्डांना तेच परवडते. दुसरी कल्पना निळ्या टाइल्सची, पणजीच्या मिनेझेस ब्रागांझा संस्थेच्या दारात आहेत त्या रंगाची. ३ सेंटिमीटरच्या चौकोनी खोडरबरावर टाइलचा एक कोपरा कोरा आणि प्रत्येक वेळी ९० अंश फिरवत चार ठसे उठवा, की ६ सेंटिमीटरची पूर्ण टाइल तयार. खोडरबराच्या एका बाजूला पेनाने बाण करून ठेवा, नाहीतर तिसऱ्या ठशाला गोंधळ ठरलेला. जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्या जाड ट्रेसिंग पेपरने छान साधतात, पण त्यामागचा डिंक दिसतो. टेप फक्त चौकटीच्या पट्ट्यांखाली लपवा.

मराठी मजकुराचे तयार स्टॅम्प कमी मिळतात. शिक्के करणाऱ्याकडून लाकडी मुठीचा, शाई न भरलेला शिक्का करून घ्या. ठळक टाइप, किमान १६ पॉइंट, कुठलीही रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक नको. ‘शुभेच्छा’मधला च्छ आणि ‘चतुर्थी’चा रफार आधी शाईने भरतात, म्हणून नमुन्यात नेमके तेच तपासा. स्वतः कोरणार असाल तर अक्षरे ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने काढून पालथी घासा, आरसा-प्रतिमा आपोआप मिळते.

काम कार्डागणिक करू नका, टप्प्यांनी करा. एका दिवशी सगळे कापणे आणि घड्या, दुसऱ्या दिवशी सगळे ठसे (रात्रभर वाळू द्या), मग रंग, आणि चिकटवणे शेवटी. ठसे एकाच बैठकीत उठवले की दाब आणि शाई सारखी पडते.

काही कार्डे टपालाने जाणार असतील तर सी६ पाकीट घ्या, ११४ गुणिले १६२. वजन आधी मांडा: ३०० जीएसएमचे कार्ड सुमारे ९.४ ग्रॅम, १२० जीएसएमचा डिझाइनचा थर १.७, रंगवलेला २०० जीएसएमचा ९ गुणिले १३ सेंटिमीटरचा तुकडा २.३, पाकीट साडेचार. हे १८ च्या आसपास जाते. टपालाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा, म्हणजे फोम टेपचे दोन-चार तुकडे चालतील, मोती आणि बटणे नाहीत. शिवाय टपालाचा शिक्का वरून आपटतो तेव्हा मोती पाकीट फाडून बाहेर येतात.

आणि पाकिटे आणल्याबरोबर प्रत्येकाच्या डिंक लावलेल्या पाळीखाली बटर पेपरची पट्टी सरकवा. या हवेत ती चवथीपर्यंत आपली आपणच चिकटून बसतात.